अनुभव धागा: फ्रान्समधल्या युद्धभूमीजवळची खेडी

लीलकर

पॅरिसवर इथे लेखांची कमी नाही. हा धागा त्याबाहेरच्या फ्रान्ससाठी. दोनपैकी कुठल्याही महायुद्धाच्या जागेजवळच्या खेड्यात राहिला असाल, नाहीतर नुसते तासभर थांबला असाल, तरी लिहा. काय पाहिलंत ते तर येऊ द्याच, पण गावकरी त्या इतिहासासोबत कसे राहतात हे वाचायला जास्त आवडेल. सुरुवात मीच करते.

आमच्या लीलहून नव्ह शापेल गाडीने पाऊण तासाच्या आत. सगळा सपाट मुलूख, बटाटा आणि बीटची शेतं, लाल विटांची घरं. गावाबाहेरच्या चौरस्त्यावर अचानक पांढऱ्या दगडाची गोल भिंत दिसते. अर्ध्या भागाला सांचीच्या कठड्यासारखी जाळी, मध्ये १५ मीटर उंच स्तंभ, त्यावर कमळ आणि पायथ्याशी दोन दगडी वाघ. पहिल्या महायुद्धात इथे लढलेल्या हिंदी सैनिकांचं हे स्मारक हर्बर्ट बेकरने बांधलं, १९२७ साली खुलं झालं. ज्यांची कबर कुठेच नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतीवर आहेत. १० ते १३ मार्च १९१५ च्या लढाईत हल्ला करणाऱ्या फौजेत निम्मे आपले होते. पहिल्याच दिवशी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले गढवालचे गबर सिंग नेगी यांचंही नाव इथेच.

सासूसासऱ्यांना घेऊन गेले होते. आई दहा मिनिटांत गाडीत जाऊन बसल्या, वारा फार. बाबा मात्र एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते. नावं पलटणीनुसार कोरली आहेत. 'सॅपर्स अँड मायनर्स' (लष्करी अभियंत्यांची पलटण) दिसल्यावर ते तिथून हलेचनात. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा आमच्याकडे बघून थांबले, टोपी काढली आणि विचारलं, "नातेवाईक?" नाही म्हटलं, तरी त्यांनी बाबांशी हात मिळवलाच. समोर पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, १,८३१ कबरी. तीही ते स्वतः दाखवायला आले.

खडकीचा_जुना

लीलकरताई, तुमचे सासरे योग्य ठिकाणी थांबले. मार्चच्या लढाईबद्दल सगळे लिहितात, पण त्याआधी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या चालून गेल्या होत्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं. त्या दिवशी पायदळ म्हणून वापरली. गावात शिरली, घराघरातून झुंजली, पण मागून कुमक न आल्याने माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. मुलाकडे गेलो तेव्हा त्या रस्त्यावरून चालत फिरलो. आज तिथे नीटनेटकी घरं, कुंड्या, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारी पोरं. बरं वाटलं, खोटं का बोला.

शेजारचं फेस्त्युबेर पुणेकरांनी चुकवू नये. पूना हॉर्स या घोडदळाच्या लेफ्टनंट फ्रँक डी पास यांना नोव्हेंबर १९१४ मध्ये तिथल्याच कामगिरीबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शाकाहारी_भटकी

जाणाऱ्यांसाठी रोकडं ज्ञान: रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यात काहीही उघडं नसतं. बेकरी दुपारी बंद होते. बस असलीच तर शाळेच्या वेळेची. दुकानात शिरताना आधी 'बाँजूर', मग प्रश्न. हे विसरलात की समोरच्याचा चेहरा पडलाच म्हणून समजा. 'शाकाहारी' म्हटलं तरी हॅमचे तुकडे येऊ शकतात. उत्तरेत फ्राइजच्या गाड्या भरपूर, पण तळण बऱ्याचदा गायीच्या चरबीत असतं, विचारून घ्या. मारोआल चीजचा टार्ट चवीला उत्तम. वासाचं मी काही बोलत नाही.

आणि शेताच्या कडेला, विजेच्या खांबापाशी गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका. नांगरताना अजूनही तोफगोळे निघतात. शेतकरी ते कडेला काढून ठेवतात, सरकारी पथक येऊन नेतं. आमच्या घरमालकीण बाई हे कचऱ्याची गाडी गुरुवारी येते अशा सुरात सांगत होत्या.

अनिकेत_तुलूज

लिमोझजवळचं ओरादूर-स्युर-ग्लान. १० जून १९४४ रोजी नाझींच्या एसएस दलाच्या तुकडीने गावातली ६४३ माणसं मारली. पुरुषांना कोठारांमध्ये, बायकामुलांना चर्चमध्ये. फ्रान्सचे तेव्हाचे नेते द गॉल यांच्या निर्णयानुसार जळकं गाव तसंच ठेवलं आणि नवं गाव शेजारी वसवलं. आत ट्रामचे रूळ आहेत, गंजलेल्या मोटारी आहेत, आणि जवळपास प्रत्येक घरात शिलाई मशीन. नऊ वर्षांच्या मुलीला नेऊ नका असं बायको म्हणत होती. नेलं. तिने चर्चपाशी एकच विचारलं, "त्यांनी शाळेलापण जाळलं?" उत्तर देताना माझीच जीभ अडखळली. नव्या गावात मग क्रेप खाल्ले. तिथे लोक सायकली चालवतात, भांडतात, लग्नं करतात. भिंतीपलीकडे ते सगळं.

मृण्मयी

नॉर्मंडीतलं सँत-मेर-एग्लीझ मला नाही पटलं. ६ जून १९४४ च्या पहाटे जॉन स्टील हा अमेरिकन छत्रीधारी चर्चच्या शिखराला अडकून मेल्याचं सोंग करून लटकला होता, ते खरं. पण आज तिथे छत्रीसह पुतळा टांगलाय, खाली त्याच्या नावाचं हॉटेल, जूनमध्ये जीपगाड्या आणि गणवेश घातलेले हौशी. जत्राच. त्यापेक्षा ला कांबची जर्मन दफनभूमी पाहा: २१,००० हून अधिक मृत, काळपट क्रूस, कोणी सेल्फी काढत नाही.

खडकीचा_जुना

मृण्मयीताई, जत्रा असू द्या की. जर्मनांच्या ताब्यातून सुटका झाल्याचा आनंद गाव साजरा करतंय, सुतक नाही पाळत. चर्चमधल्या रंगीत काचेवर मेरीच्या भोवती छत्रीधारी उतरताना दाखवलेत, ते पाहिलंत का?

मृण्मयी

पाहिलं, सुंदर आहे. पण हॉटेल आवडलं नाही ते नाहीच.

सुहास_मेत्झ

व्हर्दांजवळ फ्लरी. १९१६ च्या लढाईत गाव पार नष्ट झालं, पुन्हा कोणी राहायला आलं नाही. तरी कागदोपत्री गाव आहे आणि त्याला महापौरही आहे! झाडीत खड्ड्यांमधून पायवाट, वाटेत पाट्या: इथे शाळा, इथे बेकरी, इथे लोहार.

प्राजक्ता_सातारा

वाचनमात्र होते, आता विचारते. आमचे पणजोबा 'फ्रान्सच्या लढाईत' गेले एवढंच घरात माहीत आहे. नाव, गाव, तालुका माहीत. शोधता येईल?

लीलकर

येईल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण टाकून शोध घेता येतो. आपल्या सैनिकांच्या नोंदीत कित्येकदा वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे चार-पाच तऱ्हेने टाकून बघा. आणि आशा सोडू नका: २०१६ मध्ये इथल्या रिशबूरला खोदकामात दोन सैनिकांचे अवशेष निघाले, खांद्यावरच्या '३९' या बिल्ल्यावरून गढवाल रायफल्सचे म्हणून ओळख पटली, आणि पुढच्या वर्षी लाव्हांतीच्या लष्करी दफनभूमीत त्यांना मानाने निरोप दिला गेला. तुमच्या पणजोबांचं नाव भिंतीवर असेल तर पॅनेलचा क्रमांक मला कळवा. रविवारी जाऊन फोटो काढून पाठवते.