गावचा शिक्षण निधी: बक्षीस, मदत की परतफेडीच्या बोलीवर?

खटावकर
आमच्या गावच्या पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मंडळींनी शिक्षण निधी उभारायला घेतलाय. पैसे जमतायत, पण नियमांवर गाडी अडलीय. बहुतेकांचं म्हणणं, बारावीचा निकाल लागला की पहिल्या तिघांचा सत्कार करून पाकिटं द्यायची. माझा याला स्पष्ट विरोध आहे. ज्याला पंच्याण्णव टक्के पडले त्याचा बाप शिक्षक असेल, तर त्या पाकिटाने कुणाचंही शिक्षण वाचत नाही.

सरकारी सवलती आज कमी नाहीत. राजर्षी शाहू योजनेत निम्मी शिकवणी फी मिळते. मुलींना तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून हवा. तरीही पोरं अडतात, ती कॉलेजात हजर व्हायच्या आठवड्यात. गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या एका मुलीला पुण्यात इंजिनिअरिंग मिळालं. शिकवणी फी शून्य. पण कॉलेजने हातात दिलेल्या कागदावर विकास शुल्क, वसतिगृहाचं डिपॉझिट, मेसचा अ‍ॅडव्हान्स, बस असं सगळं मिळून चाळीस हजारांच्या वर गेलं. वडिलांनी महिना शेकडा तीनने पैसे उचलले, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, हप्ते पडायचे तेव्हा पडतात, सावकाराचं व्याज पहिल्या महिन्यापासून.

म्हणून माझं मत: निधी फिरता ठेवा. प्रवेशाचं पत्र दाखवलं की दोन दिवसांत रक्कम द्यायची, बिनव्याजी. नोकरी लागल्यावर त्याने ती परत करायची, म्हणजे पुढच्याला मिळेल.

माणदेशी
सत्काराबद्दल शंभर टक्के सहमत. परतफेडीला मात्र माझा ठाम विरोध. आमच्या माण तालुक्यात ज्या घरात आधीच सोसायटीची थकबाकी आहे, त्या घरातल्या पोराला आणखी एक देणं नको. बिनव्याजी म्हटलं तरी देणं ते देणंच. आणि मुलींचं काय? पोरीच्या नावावर गावाचे पैसे आहेत म्हटल्यावर आधी आजी म्हणते, "लग्नात ते कोण फेडणार?" तिथेच पोरीचं पुणं संपतं. द्यायचं तर देऊन टाका.

कृष्णाकाठ
मला दोन्ही पटत नाही. आपण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यातली माणसं. 1919 साली काले गावात त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची सुरुवात झाली, 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग निघालं, तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली आणि स्वतः राबून शिकली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. आयते पैसे देण्यापेक्षा कॉलेजांना 'कमवा व शिका'च्या जागा वाढवायला लावा. घामाने शिकलेला पोरगा खचत नाही.

साताऱ्याचा माजी विद्यार्थी
@कृष्णाकाठ, मी स्वतः 'कमवा व शिका'त होतो. सकाळी बागेला पाणी, दुपारी तास, संध्याकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायची. त्याचा मला अभिमान आहे. पण मी बीएला होतो. इंजिनिअरिंगच्या पोराला प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन यातून जेवायला वेळ मिळाला तरी पुरे. शिवाय त्या कामातून हातखर्च निघतो, प्रवेशाच्या दिवशीचे चाळीस हजार निघत नाहीत.

आणि कर्मवीरांचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या. बोर्डिंग चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. पोरं राबत होती हे खरं, पण आधी त्यांच्या ताटात भाकरी पडली होती, आणि त्या दागिन्यांची परतफेड कुणी मागितली नव्हती. माझं मत माणदेशींच्या बाजूने.

सांगलीचा बँकवाला
गावाने बँकेचं काम करू नये. शैक्षणिक कर्जाला 4 लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या मुलांना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात 3 टक्के व्याज सवलतही आहे. निधीतून एखादा जाणता माणूस नेमा, जो उत्पन्नाच्या दाखल्यापासून बँकेच्या अर्जापर्यंत पोरांसोबत फिरेल. तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त मुलं मार्गी लागतील.

माणदेशी
@बँकवाला, नियम तुम्ही बरोबर सांगितलात. पण सहकर्जदार वडील, वडिलांचं पीककर्ज थकलेलं, सिबिल (कर्जफेडीची पत) बघितलं की शाखेत 'पुढच्या आठवड्यात या' सुरू. तोवर कॅपची मुदत संपते.

मिरजेची ताई
सगळे गावावरच का ढकलताय? वसतिगृहं बांधणं आणि भत्ता वेळेवर देणं हे सरकारचं काम. गावाने निधी काढला की आमदारसाहेब मोकळे. निधीतला पहिला रुपया निवेदनाला आणि पाठपुराव्याला लावा.

खटावकर
ताई, पाठपुरावा करूच. पण यंदाची पोरगी यंदाच प्रवेश घेणार, तिला पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबवता येत नाही. बँकवाल्यांची जाणत्या माणसाची सूचना उचलतो. दाखल्यांची कामं मे महिन्यातच उरकली तर निम्मी धावपळ वाचेल.

माणदेशी, तुमचा मुद्दा मनाला लागला, तरी परतफेड मी सोडणार नाही. आमच्याकडे जमलेली रक्कम वाटून टाकली तर दोन वर्षांत तळ दिसेल, मग तिसऱ्या वर्षीच्या पोरांनी कुणाकडे बघायचं? एवढं मात्र करू: स्टॅम्पपेपर नाही, जामीनदार नाही, मुदत नाही. नाव फक्त तिघांच्या समितीला माहीत. ग्रामसभेत यादी वाचायची नाही, गणपतीच्या फलकावर लावायची नाही.

माणदेशी
गावात तिघांना माहीत म्हणजे पारावर माहीत. मुलींना परतफेडीतून वगळा, मी आणि माझ्या दोन्ही बहिणी वर्गणी देतो.

खटावकर
वगळणार नाही. कमावत्या झाल्यावर निधीत पैसे टाकणाऱ्यांत मुली असायलाच हव्यात, नाहीतर समितीत त्यांना कुणी बसवणार नाही. पण लग्न ठरलं, नोकरी लागली नाही, तर घरच्यांकडे एक पैसा मागायचा नाही, हे नियमात लिहून घेतो. मुलगा असो वा मुलगी, देणं शिकणाऱ्याचं, आईबापाचं नाही. येत्या रविवारी बैठक आहे, तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत वाचून दाखवतो.

माणदेशी
वाचून नको. तुमच्या गावची एखादी शिकती मुलगी बैठकीला बोलवा आणि तिला विचारा. ती म्हणेल तसं.