मास्तर शेवटी मेलाच पाहिजे का? (बनगरवाडी, पिंजरा, सामना वगैरे)

डाळिंबाचं_फूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहितेय.

मी आटपाडी तालुक्यात एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे. केंद्रप्रमुख म्हणाले, "बाई, तुम्ही वाचता-बिचता. अर्धा तास 'साहित्यातला शिक्षक' घ्या." आता या विषयावर 'शिक्षक म्हणजे ज्ञानदीप' छापाचं भाषण कुणालाही येतं. समोर सगळे गुरुजीच बसणार. दीपातलं तेल किती उरलंय ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, तीन-चार कलाकृती शेजारी शेजारी ठेवून बघू.

सुरुवात अर्थातच 'बनगरवाडी'नं. व्यंकटेश माडगूळकरांनी 1955 साली लिहिली, आणि ती आमच्याच मुलखाची. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळेत पोरं नाहीत, पोरं मेंढरांमागं. कारभारी पाठीशी उभा राहतो तशी शाळा सुरू होते. मास्तर शिकवण्यापेक्षा बाकीचंच जास्त करतो. लोकांची पत्रं लिहितो, तालुक्याची कामं करतो. आपल्या मुलीच्या, अंजीच्या चोळीसारख्या साध्या गोष्टीवरून कारभाऱ्याच्या मनात किंतू येतो आणि पाठीशी उभा असलेला माणूस पाठ फिरवतो. पुढं सगळ्यांच्या हातानं तालीम उभी राहते, उद्घाटनाला राजा येतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, वाडी ओस पडते आणि मास्तर आला तसा चालत निघून जातो.

दुसरा 'पिंजरा'तला मास्तर. 1972, व्ही. शांताराम, डॉ. लागू. आदर्श गाव घडवणारा मास्तर तमाशाच्या फडाला गावाबाहेर काढतो आणि शेवटी त्याच फडावर तुणतुणं धरून उभा राहतो. इकडं गाव त्याला मेला समजून त्याचा पुतळा बसवतं. मग त्याच्यावरच 'मास्तरांच्या' खुनाचा आळ येतो आणि पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून हा फाशी जातो.

तिसरा मास्तर नाही, जेलर आहे, पण मला तो मास्तरच वाटतो. 'दो आँखें बारह हाथ', 1957. आमच्याकडच्या लोकांना हे सांगितलं की खुर्चीत सरळ होऊन बसतात: तो सिनेमा ज्यावरून सुचला ती उघडी तुरुंगवसाहत, स्वतंत्रपूर, आटपाडीजवळच आहे. औंध संस्थानच्या काळातली. आणि सिनेमाची कथा गदिमांची. म्हणजे थोरल्या भावानं सहा खुनी कैद्यांना माळरानावर नेणारा जेलर लिहिला आणि धाकट्यानं धनगरवाडीवर जाणारा मास्तर. दोन वर्षांच्या अंतरानं, एकाच संस्थानच्या मातीतून! 'बनगरवाडी'तल्या राजाला तालमीचं एवढं कौतुक का, तेही औंधचे पंतप्रतिनिधी आणि त्यांचे सूर्यनमस्कार डोळ्यापुढं आणले की कळतं.

तर माझी अडचण अशी. जेलर बैलांच्या झुंडीपुढं मरतो. 'पिंजरा'तला मास्तर फासावर जातो. 'बनगरवाडी'तला मात्र नुसता निघून जातो. पुलंच्या चितळे मास्तरांच्या तर वहाणाच लक्षात राहतात, टाचेशी झिजलेल्या. मला असं म्हणायचंय की पुस्तकाला झिजलेली वहाण पुरते, सिनेमाला मात्र मास्तरचा बळी लागतो. हे बरोबर आहे का, की मी माझ्या सोयीची उदाहरणं निवडतेय? खोडून काढा, म्हणजे परिषदेत कुणी खोडायला नको.

तिसरी_रांग_कडेची_खुर्ची

ताई, मुद्दा आवडला. तुमच्या बाजूनं एक पुरावा देतो आणि मग तुमच्या विरुद्धही देतो.

बाजूनं: 'पिंजरा'चं मूळ जर्मन आहे. 1930 चा 'द ब्लू एंजल', दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग, नाचणारी मार्लेन डीट्रिच आणि मास्तर एमिल यानिंग्ज. तो सिनेमा हाइनरिश मानच्या 1905 च्या 'प्रोफेसर उनराट' या कादंबरीवरून काढलेला. आता गंमत बघा. कादंबरीतला मास्तर मरत नाही. ज्या गावानं त्याला हिणवलं, त्या गावातल्या प्रतिष्ठितांना तो त्या बाईच्या मदतीनं जुगाराला लावतो, एकेकाला बरबाद करतो आणि शेवटी पकडला जातो. चांगला खुनशी माणूस आहे. सिनेमात त्याचा केविलवाणा विदूषक झाला आणि शेवटच्या दृश्यात तो रात्री आपल्या जुन्या वर्गात येतो, टेबलाची कड घट्ट धरतो आणि तिथंच मरतो. शिपायाला त्याची बोटं सोडवता येत नाहीत. कोल्हापुरात आमच्या फिल्म सोसायटीत हे दृश्य चाललं असताना मागच्या रांगेत एक निवृत्त हेडमास्तर होते. दिवे लागले तरी ते जागचे हलले नाहीत.

मग शांतारामांनी तीच गोष्ट मराठीत आणताना काय केलं? मरण ठेवलं, पण त्याला कारण दिलं. जर्मन मास्तर लाजेनं मरतो, आपला आदर्शासाठी मरतो. माझं मत विचाराल तर इथंच सिनेमा थोडा डळमळतो. लागूंनी जो माणूस तासभर उभा केला, तो तुणतुणं धरलेला, उष्टं ताट पुढं ओढणारा, तो मला फासावर जाणाऱ्यापेक्षा खरा वाटतो. शंकर पाटलांचे संवादही तिथं जास्त बोलके आहेत. शेवटी सगळे भाषण करायला लागतात.

आता विरुद्ध: अमोल पालेकरांनी 1995 साली 'बनगरवाडी'वर सिनेमा काढला. त्यात मास्तर मरत नाही, निघूनच जातो. आणि 'सामना' (1975, जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकर) विसरून कसं चालेल? तिथंही लागूच आणि तिथंही त्यांना सगळे 'मास्तर'च म्हणतात. पण हा मास्तर दारुड्या आहे. स्वातंत्र्याच्या वेळचा ध्येयवाद बाटलीत बुडवून बसलेला. हिंदुराव धोंडे पाटील त्याला मौज म्हणून वाड्यावर आणून ठेवतो, पाजतो, आणि हा त्याचंच खाऊन त्यालाच विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं? तोही मरत नाही. मरतो मारुती कांबळे, सिनेमा सुरू होण्याआधीच. तेव्हा 'सिनेमाला बळी लागतो' हे खरं असेल, पण तो दर वेळी मास्तरचाच असतो असं नाही.

'पिंजरा' आणि 'सामना' तीन वर्षांच्या अंतरानं पाहिलेल्या पिढीला काय वाटलं असेल, हा विचार करून बघा. तोच चेहरा आधी पुतळा आणि मग गटारीच्या कडेला. समोर दोन्हीकडं निळूभाऊ फुले.

पाटीपेन्सिल

सगळे मास्तरच! बाई कुठं आहे?

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' कादंबरीत बेंद्रीणबाई आहेत, पण त्या नववीतल्या पोराच्या डोळ्यांनी दिसतात, म्हणजे आडनावाला लागलेल्या 'ईण'सकट. मिरासदारांच्या वर्गातही बाक पोरांचाच. मला या यादीत 'उंबरठा' घालावासा वाटतो. 1982, शांता निसळांच्या 'बेघर'वरून. सुलभा शिक्षिका नाही, महिलाश्रमाची अधीक्षक आहे, पण साचा तोच: बाहेरून एक जण येतो, बंद पडत चाललेल्या जागेत जीव ओतायला बघतो, वरचे लोक आडवे येतात, आणि एक दिवस सामान बांधावं लागतं.

फरक फक्त निघाल्यानंतर दिसतो. राजाराम मास्तर बनगरवाडीतून निघतो तेव्हा त्याच्या गावी आई-बाप आहेत. सुलभा घरी येते तेव्हा मुलगी तिला बुजते आणि नवऱ्यानं दुसरीकडं सोय लावलेली असते. ती पुन्हा गाडीत बसते. फाशी नाही, पुतळा नाही, परतायला घरही नाही. ताई, तुमच्या परिषदेत निम्म्या तरी बाया असतील ना? त्यांच्यासाठी हे घ्याच. मी स्वतः पाच वर्षं नवऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर नोकरी केली. पती-पत्नी एकत्रीकरण हा शब्द जिनं कागदावर लिहून लिहून झिजवलाय तिला स्मिता पाटीलचा तो डब्यातला चेहरा समजावून सांगावा लागत नाही.

गावठाण

मला वाटतं सगळे पुस्तक की सिनेमा यात अडकलात. गोष्ट कोण सांगतंय ते बघा.

'बनगरवाडी' मास्तर स्वतः सांगतो. 'मी' म्हणून. सांगणारा मरेल कसा? आणि स्वतःचा पुतळा कोण बसवतो? त्याला आपल्या चुका माहीत आहेत, घाबरल्याचं माहीत आहे, तालमीचा नाद का घेतला तेही माहीत आहे. म्हणून पुस्तकात तो लहानच राहतो आणि वाडी मोठी होते. शेकूचंच घ्या. नांगराला दुसरा बैल मिळत नाही, तर त्याची बायको स्वतः जुवाखाली मान देते. मास्तर बघतो. त्यावर प्रवचन देत नाही, कारण त्यानं कुठला बैल आणून दिला होता? लेखकानं ते चार-दोन साध्या वाक्यांत सोडलंय. तिथं दुसरा कुणी असता तर अख्खं प्रकरण रडवलं असतं.

'पिंजरा'त गोष्ट गाव सांगतं. गावाला मास्तर लांबून दिसतो, धोतर-टोपीसकट. लांबून दिसणाऱ्या माणसाचा पुतळाच होणार. चितळे मास्तर जुना विद्यार्थी सांगतो, त्याला वहाणा दिसतात, कारण मुलं जमिनीवर बसतात. 

पालेकरांच्या सिनेमात मास्तर जगला याचं कारणही हेच, त्यांनी नजर बदलली नाही. माझी तक्रार एवढीच की पुस्तकातली ओसाडी पानागणिक हळूहळू चढते, आणि पडद्यावर माळ पहिल्या क्षणापासूनच सुंदर दिसतो. आमच्यासारख्या तिथं वाढलेल्यांना तो माळ सुंदर दिसला की जरा संशय येतो.

डाळिंबाचं_फूल

गावठाणदादा, तुमचं वाचून मी भाषणाचा कागद फाडला आणि नव्यानं लिहिला. 'कोण सांगतंय' हेच धरलं. पाटीपेन्सिलताई, 'उंबरठा'ही घेतला.

परवा परिषद झाली. सांगते काय झालं ते.

अर्धा तास म्हणाले होते, बारा मिनिटं मिळाली. कुठलीशी ऑनलाइन माहिती त्याच दिवशी चारच्या आत भरायची होती, निम्मा हॉल मोबाइलमध्ये मान घालून. 'ब्लू एंजल' सुरू करायच्या आतच गळाला. 'सामना' एका वाक्यात. मग मी शेकूच्या बायकोचा प्रसंग तेवढा मोठ्यानं वाचला. वाचताना माना वर झाल्या. मागून एक बाई म्हणाल्या, "आमच्या आज्जीनं ओढलाय." एवढंच बोलल्या आणि परत खाली बघायला लागल्या. पुढचं काही विचारायचा मला धीर झाला नाही.

मग मी ठरवलेलं सोडून आमच्या शाळेबद्दलच बोलले. बनगरवाडी दुष्काळानं रिकामी झाली. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, बागा झाल्यात, आणि तरी पट 31 वरून 19 वर आलाय. काही घरं मेंढरांचा वाडा घेऊन पावसाळा सरला की खाली उतरतात. काही गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार तमिळनाडूपर्यंत गेलीत, पोरांचे दाखले नेताना पेढे देतात. राजाराम मास्तर लोकांची पत्रं लिहायचा. माझ्याकडं आया मोबाइल घेऊन येतात, "बाई, केवायसी करा ओ, ओटीपी आलाय." गेल्या महिन्यात एकीच्या मोबाइलवर ओटीपी आला तो मी मधल्या सुट्टीत टाकत होते, तर तिची सासू दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "काय काय वाचताय तिच्या फोनात?" अंजीची चोळी आठवली मला. हे सांगितल्यावर सगळा हॉल हसला, कारण प्रत्येकाकडं असला एक तरी ओटीपी होता.

शेवटी 'काही प्रश्न?' म्हटलं. पुढच्या वर्षी निवृत्त होणारे एक गुरुजी आहेत, सगळी नोकरी वाड्या-वस्त्यांवर काढलेली. ते उभे राहिले. मला वाटलं आता हे माडगूळकरांची एखादी आठवण सांगणार.

"बाई, त्या राजारामला पुढं कुठली शाळा मिळाली? सोप्या क्षेत्रातली, का परत अवघडच?"

मला काही सांगता येईना.