सेडेशनला मराठीत काय म्हणावे : भूल, गुंगी की बधिरता?

विचारणा (निपाणी)

माझ्या मुलाची अक्कलदाढ आडवी उगवली असून ती काढावी लागणार आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी सेडेशन देऊन काढू असे सांगितले. घरी सासूबाईंना मी "भूल देणार आहेत" एवढेच म्हटले, तर एका दाढेसाठी पोराला बेशुद्ध कशाला करता, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सेडेशनला नेमका शब्द कोणता? औषधे निरनिराळी असतात असेही ऐकले. मग शब्दही निरनिराळे असावेत का?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, मी रुग्णांसाठीची माहितीपत्रके कन्नडमधून मराठीत करते आणि हा प्रश्न माझ्यापुढे नेहमीच येतो. सासूबाई घाबरल्या यात त्यांची काही चूक नाही, कारण आपण 'भूल' या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत : हिरडी व जबडा बधिर करणे, माणसाला गुंगीत नेणे आणि त्याची शुद्ध पूर्णपणे घालवणे.

अक्कलदाढ काढताना वेदना थांबवते ते पहिले काम, म्हणजे लिग्नोकेनसारख्या औषधाचे हिरडीजवळ आणि जबड्याच्या नसेजवळ दिलेले इंजेक्शन. सेडेशन दिले तरी हे इंजेक्शन चुकत नाही. सेडेशन भीती घालवते, शरीर सैल करते आणि वेळ लवकर सरल्यासारखे वाटायला लावते. दुखणे थांबवण्याचे काम मात्र त्यातल्या बहुतेक औषधांचे नाही. म्हणून "सेडेशन म्हणजे भूल" असे सांगितले की ऐकणारा एक तर नको इतका घाबरतो, नाही तर आता सुई टोचणारच नाही अशा समजुतीत राहतो.

'भूल' हा शब्द भुलण्यातून आला आहे. रानात वाट चुकली की रानभूल पडली म्हणतात, हिशेबात भूलचूक देणे-घेणे असते. म्हणजे या शब्दात बुद्धी भरकटणे आणि विसरणे आहे, अंग बधिर होणे नाही. 'बधिर' हा संस्कृतात बहिऱ्यासाठीचा शब्द आहे, पण मराठीत तो संवेदना गेलेल्या अवयवासाठी इतका रुळला आहे की दातांच्या इंजेक्शनला मी नि:शंकपणे 'बधिर करणे' असेच लिहिते. राहिला सेडेशनचा प्रश्न. परिभाषेत 'शामक' शब्द आहे, तो शुद्धही आहे, पण चिकोडीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तो कळणार नाही. तिला 'गुंगी' कळते. या शब्दाला एकच डाग आहे : गाडीत गुंगीचे औषध देऊन प्रवाशाला लुटल्याच्या बातम्यांनी तो मळला आहे. तरीही खोकल्याचे औषध घेतल्यावर येणारी गुंगी प्रत्येकाने अनुभवलेली असते, त्यामुळे माझे मत गुंगीच्याच बाजूने आहे. रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो, तोंड उघडा म्हटले की उघडतो आणि श्वास स्वतःचा स्वतः घेतो, अशा अवस्थेला मी 'जागती गुंगी' म्हणते.

आता औषधांविषयी. झोपेच्या पायऱ्यांसाठी आपल्याकडे पेंग, डुलकी, झापड, तंद्री, ग्लानी असे इतके बारीक फरकाचे शब्द आहेत की प्रत्येक औषधाजवळ जाणारा एखादा शब्द सापडतोच.

नायट्रस ऑक्साइड हा नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर देतात. त्याला हास्यवायू म्हणत असले तरी खुर्चीतला माणूस सहसा हसत नाही, त्याला हलके आणि तरंगल्यासारखे वाटते. ही तंद्री होय. शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत ती उतरते. अक्कलदाढेशी या वायूचे नाते जुने आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०० मध्ये, स्वतःची अक्कलदाढ येतानाचे दुखणे हा वायू हुंगल्यावर कमी झाल्याचे नोंदवले होते आणि ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती.

मिडाझोलाम शिरेतून दिले की काही मिनिटांत असर दाखवते आणि 'भूल' हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने इथेच शोभतो, कारण रुग्ण त्या वेळी उत्तरे देतो, पण मागाहून त्याला फारसे काही आठवत नाही. डायझेपाम हे त्याच घराण्यातले जुने औषध आहे. ते शरीरातून फार सावकाश जाते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही डोळ्यांवर झापड राहू शकते. या दोघांचा असर उलटवणारे फ्लुमाझेनिल नावाचे औषध आहे, मात्र ते आधी ओसरले तर गुंगी पुन्हा चढू शकते, म्हणून तेवढ्यावर रुग्णाला घरी धाडत नाहीत.

प्रोपोफोल दिसायला दुधासारखे असते आणि शिरेत जाताना बऱ्याच जणांना आग होते. त्याने येते ती सरळ झोप. जागती गुंगी आणि पूर्ण बेशुद्धी यांच्यामधली त्याची वाट अरुंद आहे, श्वास मंदावू शकतो आणि त्याला उतारा नाही. म्हणून ते देताना भूलतज्ज्ञ शेजारी असावा. उलट डेक्समेडेटोमिडीनने येते ती डुलकी : हाक मारली की माणूस जागा होतो, गप्प राहिलात की पुन्हा पेंगतो. ते श्वासाला फारसा धक्का लावत नाही, पण नाडी आणि रक्तदाब उतरवू शकते. केटामिनची तऱ्हा निराळी आहे. डोळे उघडे असतात, वेदना कळत नाही, श्वास बहुधा नीट चालतो आणि मन मात्र भलतीकडे असते. तोंडात लाळ वाढते आणि जागे होताना काहींना विचित्र स्वप्ने पडतात. रानभूल हा शब्द मला याच औषधाजवळचा वाटतो.

यांतले कोणते द्यायचे हे मुलाचे वजन, घोरण्याची सवय, दमा, चालू असलेल्या गोळ्या असे सगळे पाहून डॉक्टरच ठरवतील. आपण औषधाचे नाव, किती तास उपाशी राहायचे आणि देणारे कोण, हे तेवढे विचारून घ्या. सासूबाईंना असे सांगून पाहा : "दाढेजवळची जागा बधिर करणार आहेत आणि भीती वाटू नये म्हणून थोडी गुंगी देणार आहेत, हाक मारली की तो ओ देईल." हे वाक्य जागत्या गुंगीपुरतेच खरे आहे, म्हणून आधी डॉक्टरांकडून तेवढी खात्री करून घ्या.

पुरवणी प्रश्न (खानापूर)

संमतिपत्रावर कन्नडमध्ये 'स्थळीय अरिवळिके' असे छापले होते. सोबतच्या मराठी कागदावर त्याचे 'स्थानिक बेशुद्धी' केले होते. हे बरोबर आहे का?

उत्तर (टिळकवाडी)

दादा, हे चूक आहे, आणि अशी चूक मला फार लागते, कारण त्या कागदावर माणूस सही करतो. कन्नडमध्ये 'अरिवु' म्हणजे जाणीव आणि 'अळि' म्हणजे नाहीसे होणे. जाणीव जागेपुरतीही जाऊ शकते, बेशुद्धी मात्र जागेपुरती कधीच नसते. इंग्रजीतला ॲनेस्थेशिया हा शब्द १८४६ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-लेखकाने सुचवला, त्याच्याही मुळाशी ग्रीकमधला 'संवेदना नसणे' एवढाच अर्थ आहे. तेव्हा 'जागेपुरते बधिर करणे' असे लिहायला हवे होते.

आपल्या भागात आणखी एक शब्द घोटाळा करतो. माझ्या आत्याची दाढ काढताना कन्नडभाषक नर्सबाईंनी आपुलकीने मराठीत विचारले, "आज्जी, जोम आला काय?" कन्नडमध्ये 'जोमु' म्हणजे बधिरपणा, मुंग्या, मराठीत जोम म्हणजे जोर, उत्साह. आत्याला वाटले तब्येत विचारतात, तिने मान डोलावली. डॉक्टरांनी हिरडीला हत्यार लावताच ती कळवळली. मी मध्ये पडून विचारले, "आत्या, ओठ जड झाला का?" ती म्हणाली, "ओठ झाला गं, पण मागची हिरडी अजून माझीच आहे." डॉक्टरांनी लगेच हात थांबवला, तिथे आणखी एक इंजेक्शन दिले आणि "आता टोचतंय का?" असे विचारून, तिने नाही म्हटल्यावरच पुढचे काम केले.