अरब-अमेरिकन लेखनातले स्वयंपाकघर

प्रश्न (जळगाव): अरब-अमेरिकन लेखिका डायना अबू-जाबेर यांच्या २००५ सालच्या आत्मकथनात जॉर्डनहून अमेरिकेत आलेल्या वडिलांच्या हकिकतीबरोबर पाककृतीही येतात. त्या केवळ सजावट आहेत, की कुटुंबाची ओळख सांगण्याचा तो मार्ग आहे?

उत्तर (धुळे): सजावट मुळीच नव्हे. तिथे वडील स्वतः रांधतात आणि मागे राहिलेला देश मुलींपर्यंत ताटातूनच पोहोचवतात. सुरतेत स्थायिक झालेली आपली खान्देशी कुटुंबे कळण्याची भाकरी आणि भरीत सोडत नाहीत, त्यामागची ओढ मला याच जातीची वाटते.

उत्तर (भुसावळ): तुलना पटते, पण अपुरी आहे, कारण २००१ मधल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अरब-अमेरिकनांकडे ज्या संशयाने पाहिले गेले, तो आपल्या वाट्याला आलेला नाही. अबू-जाबेर यांच्याच २००३ च्या ‘क्रेसेंट’ कादंबरीत लॉस एंजेलिसमधली अर्धी इराकी नायिका स्वयंपाकी आहे, आणि तिच्याकडे एकटे पडलेले अरब विद्यार्थी घरच्या चवीसाठी येतात.

प्रश्नकर्ता: मग आमच्या वाचक मंडळात आधी ती कादंबरीच घ्यावी, असे मी सुचवतो.