तिखट झाडाचं बी राखताना

मिरचीच्या बाबतीत 'सगळ्यात तिखट झाडाचं बी धरा, पुढच्या वर्षी प्लॉटच तिखट' असं सांगतात, ते अर्धंच खरं. मिरचीत परपरागीभवन, म्हणजे दुसऱ्या झाडाचा पराग येऊन फळ धरणं, बऱ्यापैकी होतं. भोकरदनकडं आमच्या मिरचीला लागूनच ढोबळी होती. तिखटपणा वरचढ गुण, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसतो, म्हणून पहिल्या पिढीत संकर कळलाच नाही. तिसऱ्या वर्षी मधूनमधून पार फिकी झाडं निघाली. आता निवडलेल्या झाडाच्या कळ्या उमलायच्या आदल्या संध्याकाळी मलमलच्या पिशवीत बांधतो, फळ धरलं की पिशवी काढून खुणेसाठी देठाला लाल दोरा.

चाखायचं म्हणाल तर नुसतं टोक चावून झाड नापास करू नका. तिखट असतं ते बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गरात, बियांत नव्हे. बांधाकडचं, पाण्याचा ताण बसलेलं झाड जास्त झोंबतं. तो गुण रानाचा, बियाचा नाही. म्हणून एकाच ओळीतली, एकाच तोड्याची फळं घ्या. तीन-चार झाडांत जीभ बधिर होते, मध्ये ताक प्या, पाण्यानं काही होत नाही. जिभेवर भरवसा नसेल तर प्रयोगशाळेत एचपीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, मोजून मिळतं. 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग) कॅप्सेसिन म्हणजे साधारण 16 स्कोव्हिल, हे तिखटपणा मोजायचं एकक.