अनुभव धागा: इंद्रियदमन, तुमचा झगडा आणि तुमचा विश्वास

बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रेषित पौल आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्म्याने माणसात येणारे गुण सांगतो, त्यात इंद्रियदमन, म्हणजे स्वतःवर ताबा, अगदी शेवटी येतं. त्यावर उपदेश पुष्कळ ऐकलेत, आता जगलेलं ऐकायचंय. राग, जीभ, व्यसन, मोबाइल, काहीही चालेल. कृपया एकमेकांना उपदेश करू नका.

—

माझा झगडा रागाशी. आई अंथरुणाला खिळल्यापासून रात्रभर हाका असतात: पाणी दे, कूस बदल, दिवा लाव. चादर ओढताना माझ्या हाताला हिसका यायचा आणि तिला तो कळायचा. राग आवर म्हणून मी प्रार्थना करायचे, पण सकाळी, निवांत असताना. आता स्तोत्र १४१ मधलं मागणं, प्रभू, माझ्या तोंडावर पहारा बसव, तिच्या दाराशी थांबूनच म्हणते. राग येतोच, पण आत जाईपर्यंत आवाज उतरलेला असतो. एकदा तिनेच विचारलं, काय पुटपुटतेस गं? सांगितलं. तेव्हापासून हाक मारली की ती जरा थांबते, दुसरी हाक लगेच देत नाही.

—

माझी दारू नुसत्या प्रार्थनेने सुटली नाही. मुद्दाम लिहितोय, कारण एका रात्रीत सुटल्याच्या साक्षी ऐकून मी खचायचो, माझाच विश्वास कमी वाटायचा. डॉक्टरांचे उपचार घेतले, व्यसनमुक्तीच्या सभांना बसलो. तलफ आली की चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना फोन करतो. ते आधी विचारतात, जेवलास का? परीक्षेबरोबर देव निभावण्याचा मार्गही देतो, असं करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) आहे. माझा मार्ग हा असाच आला, आणि तो देवानेच दिला असं मी मानतो.

—

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात रात्री मोबाइल बंद ठेवला होता. ईस्टरनंतरही तसाच ठेवतेय. झोप लागते, बायबल वाचून होतं.

—

अजून जिंकलो नाही, तरी लिहू ना? वासनेशी झगडा चालूच आहे. रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात पौलही म्हणतो, जे करू नये तेच मी करतो. त्याने मला मोकळीक मिळाली नाही, पण तोंड लपवणं थांबलं. पूर्वी पडलो की लाजेने कितीतरी दिवस प्रार्थनेला बसत नसे, आता त्याच रात्री बसतो. बायबलमधल्या योसेफाला त्याचा मालक पोटीफर याच्या बायकोने मोहात पाडायला धरलं, तेव्हा तो तिच्याशी वाद घालत थांबला नाही, वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला. म्हणून लॅपटॉप आता बैठकीच्या खोलीतच असतो.

—

दारूबद्दल लिहिणाऱ्या भाऊंना: तुमचा अनुभव नवऱ्याला वाचून दाखवला. त्या सभेला पहिल्यांदा बायकोला बरोबर येता येतं का, असं त्याने विचारलंय. कळवाल का?