मदत हवी आहे: लेकराचं डोकं तल्लख व्हायला कोणतं टॉनिक द्यावं?

सोनपरी_यवतमाळ
नमस्कार. जरा लवकर सांगा. अंगणवाडीत वजन केलं तं सेविकाताई म्हणे तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात आहे, चांगलं आहे. पण माझं मन नाही मानत. जावेचं पोरगं याच्याच बरोबरीचं, ते टाळ्या वाजवते, आधाराशिवाय बसते. हा मांडीवर पडून राहते, नाहीतर किरकिर करते. खायला तं चांगलं देतो. मेडिकलवाला म्हणे मेंदूचं टॉनिक आहे, साडेचारशेचं. घेऊ का?

कास्तकार_भाऊ
वय काय लेकराचं? ते तं लिहिलंच नाही तुम्ही.

वर्धेकर_काकू
टॉनिकच्या नादी लागू नका. बदाम रात्री भिजवायचा, सकाळी सहाणेवर उगाळून चाटवायचा. माझ्या दोन्ही पोरींना दिला. एक आज इंजिनिअर आहे.

सोनपरी_यवतमाळ
अकरा महिन्यांचा आहे. टॉनिकचं सांगा ना कोणीतरी, हे उद्या तालुक्याला जाणार आहेत.

नर्सबाई_निवृत्त
बाई, "चांगलं देतो" म्हणजे काय देता? काल सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या पोटात काय काय गेलं, ते लिहा.

सोनपरी_यवतमाळ
म्हशीचं दूध, घरचं, पाणी न घालता. पाच बाटल्या तरी होतात. सकाळी आजीच्या चहात बुडवून बिस्कीट. दुपारी वरणावरचं पाणी. भात तोंडात घातला की थुंकते. माझं दूध आठव्या महिन्यातच तुटलं, कापूस वेचायला जात होती मी.

गोपालक_पुसद
म्हशीचं कायले देता? जड असते. गाईचं द्या, गाईच्या दुधानं बुद्धी येते.

कास्तकार_भाऊ
आमच्या घरी चार पिढ्या म्हशीच्याच दुधावर वाढल्या, भाऊ. कोणाची बुद्धी कमी नाही झाली.

गोपालक_पुसद
तुमच्याकडं डेअरी फॅटवर भाव देते का? आमच्याकडं दर आठवड्याला फॅट कमीच दाखवतात.

गुरुजी_आर्णी
ताई, पोराची आतापासून काळजी घेता, चांगलं आहे. पाचवीत गेला की नवोदयच्या परीक्षेला बसवा. गणिताचा पाया लहानपणीच पक्का करावा लागते.

नर्सबाई_निवृत्त
गुरुजी, ते अजून बसत नाही हो.
सोनपरी, गाय की म्हैस हा प्रश्नच नाही. दोन्ही दुधांत लोह अगदी थोडं. आईच्या पोटातून आणलेलं लोह सहा महिन्यांच्या आसपास सरत येते, म्हणून तेव्हापासून वरचं खाणं लागते. तुमच्या लेकराचं पोट पाच बाटल्यांनी भरते, मग भात थुंकणारच. दुधानं वजन वाढते, काटा हिरवा दाखवते. रक्त काट्यावर दिसत नाही. मेंदूतल्या तंतूंवर जे आवरण चढते त्याला लोह लागते, आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत वाढलेला असते. चहा तं खाल्लेलं लोहही अंगी लागू देत नाही.
रक्त कमी आहे का ते पाहायला आता उजेडात घेऊन बसा. त्याचा तळहात तुमच्या तळहाताशेजारी धरा. खालची पापणी ओढून आत पाहा. आणि खरं सांगा, माती खाते का?

सोनपरी_यवतमाळ
पाहिलं. तळहात पांढराफटक आहे, रेषाही फिक्या. पापणीच्या आत लाल काहीच नाही. माती खाते, चुलीजवळची भिंत नखानं कोरून खाते. पण पोरं खातातच ना, म्हणून लिहिलं नाही.

वर्धेकर_काकू
म्हणूनच बदाम म्हणते मी.

नर्सबाई_निवृत्त
काकू, उगाळलेल्या एका बदामात असं किती लोह येणार? आशाताईनं लोहाच्या लाल औषधाची बाटली दिली नव्हती का? सहा महिन्यांपासून आठवड्यात दोनदा एक एक मिली देतात.

सोनपरी_यवतमाळ
दिली होती. दोनदा पाजली, शी काळी झाली, सासूबाईंनी फळीवर ठेवून दिली.

नर्सबाई_निवृत्त
शी काळी होतेच, त्यात भ्यायचं काही नाही. पण आता अंदाजानं पाजू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन करा, अकराच्या खाली असलं तं डॉक्टर वजनावर डोस ठरवतील. आपल्या भागात सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, तीही तपासणी मागून घ्या. लेकरू बसत नाही, हे डॉक्टरला पहिल्यांदा सांगा, शेवटी नाही.
दूध दिवसाला दोन कप पुरे, तेही वाटीनं. बाटली बंद. आधी घास, मग दूध. तुरीचं घट्ट वरण, मेथी किंवा चवळीची पानं शिजवून घोटून, वरून तेल-तूप, लिंबाचे दोन थेंब. अंडं चालत असलं तं उकडून कुस्करून.

कास्तकार_भाऊ
माळकरी घर असलं तं अंडं कसं द्यावं?

नर्सबाई_निवृत्त
नका देऊ. वरण-भाजी रोज पोटात गेली पाहिजे. अंगणवाडीतून मिळणारं खाण्याचं पाकीट कुठं जाते?

सोनपरी_यवतमाळ
बकरीला. आजपासून नाही.

सोनपरी_यवतमाळ (चार दिवसांनी)
हिमोग्लोबिन ७.८ निघालं. लोहाचे थेंब रोजचे लिहून दिले, महिन्यानं पुन्हा तपासणार. सिकलसेलचा रिपोर्ट यायचा आहे. बसत नाही म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांकडं चिठ्ठी दिली. बाटली लपवली तं दोन रात्री नुसता रडला, सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. काल दुपारी त्याच म्हणाल्या, आण इकडं वाटी. पाच घास खाल्ले त्यानं त्यांच्या हातून. टॉनिक नाही घेतलं.
थेंबांनी दात काळे पडत आहेत, त्याला काय करावं?